अकरा जणींत ओवी नाही

क्वेकर्स हिल, सिडनी
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

मामा,

फोन केला की तुम्ही "हां हां, बरं" म्हणता आणि दहा मिनिटांनी मितालीचा मेसेज येतो, की बाबांना त्यातलं काही ऐकू आलेलं नाही. म्हणून हे पत्र. टॅबलेटवर अक्षरं मोठी करून दिल्येत असं ती म्हणाली. चष्मा लावून, पाय वर घेऊन, सावकाश वाचा.

तुम्ही क्रेगीबर्नला मुलीकडे येऊन दहा महिने झाले आणि तुमचा भाचा इथे नक्की करतो काय हे तुम्हाला अजून नीट सांगितलेलं नाही. दिवसा मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मैदानांवर असतो. गवत कापायचं, पांढऱ्या रेघा मारायच्या, गोलच्या जाळ्या शिवायच्या. शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते, दुपारी अडीचला सुटतो. मग आठवड्यातून तीन दिवस आमच्या युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, मैदानावर. तिथल्या मुलींच्या फुटबॉल टीमचा मी कोच आहे, हे तिसरं वर्ष. फुटबॉल म्हणजे आपला कोल्हापूरचा फुटबॉल. इथे नुसतं फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लांबुडका चेंडू येतो. आपल्याला ते सॉकर म्हणतात.

आता मुद्द्याचं. २३ तारखेला, शनिवारी, नदीपलीकडच्या युनिशी आमची वर्षातली मोठी मॅच. एक लाकडी शिल्ड आहे, जिंकेल त्याच्याकडे वर्षभर राहते. आपल्याकडे पेठांची मॅच असली की आठ दिवस आधीपासून जेवणाच्या ताटावरही दुसरा विषय नसायचा, तसंच समजा, फक्त इथले लोक हसत हसत खुन्नस देतात. सलग सहा वर्षं आम्ही हरलोय. त्यातली शेवटची दोन माझी. क्लबचा अध्यक्ष ग्रेग शुक्रवारी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नो प्रेशर, मेट." आणि त्याच दमात म्हणाला, की पुढच्या वर्षी कोच कोण हे कमिटी मॅचनंतरच्या बुधवारी ठरवणार आहे.

पण या वेळी आमच्याकडे ओवी आहे. ओवी आमची कॅप्टन. वीस वर्षांची, आईवडील मूळचे पुण्याचे, घर स्कोफिल्ड्सला, माझ्यापासून दहा मिनिटांवर. मी मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. मामा, तुम्ही या मुलीचा खेळ बघायलाच हवा. चेंडू पायात यायच्या आधी तिची मान फिरते. कोण कुठे आहे हे तिला आधीच ठाऊक असतं. या सीझनला आमचे बावीस गोल झाले, त्यातले चौदा तिचे. परवा तिने हाफलाइनवरून चेंडू घेतला, तिघींना मागे टाकलं आणि गोलकीपर पुढे आलेली दिसल्यावर तो नुसता उचलून दिला. मी हातातली बाटली खाली टाकून बघत राहिलो.

थंडीने गुडघा धरलाय. मुली विचारतात, कोच, लंगडतोस का. मी सांगतो, एकोणीस वर्षांचा असताना माझ्या कोचशी खोटं बोललो, त्याची शिक्षा आहे. तुम्ही त्याबद्दल कधीच रागावला नाहीत. पुन्हा एकदा सॉरी.

तुम्ही मॅचला आलात तर मला फार आवडेल.

यतिन


क्रेगीबर्न
बुधवार, ६ ऑगस्ट

यतिन पोरा,

एका बोटाने लिहितोय, तेव्हा चुका झाल्या तर समजून घे. तुझं पत्र तीनदा वाचलं.

इथे दर मंगळवारी आम्ही म्हातारी मंडळी शॉपिंग सेंटरच्या बाकांवर जमतो. दोन गुजराती, एक सरदारजी, एक तेलुगू मास्तर. काल मी टॅबलेट घेऊन गेलो आणि सगळ्यांना तुझ्या टीमचा फोटो दाखवला. सरदारजींनी पाटीवर लिहून विचारलं (माझ्यासाठी ते एक लहान पाटी ठेवतात), "भांजा कोच है? युनिव्हर्सिटी का?" मी मान हलवली. त्यांनी फोटो परत मागून घेतला आणि सगळीकडे फिरवला. मी बत्तीस वर्षं शाळेत ड्रिलमास्तर होतो, तालमीच्या टीमला सोळा वर्षं शिकवलं, पण असा मान मला तिथेही क्वचितच मिळाला. तो तुझ्यामुळे मिळाला.

मितालीने विमानाची तिकिटं काढली. ती आणि मी २३ ला सकाळी येतो, संध्याकाळच्या विमानाने परत.

मोठ्या नावाच्या टीमशी खेळताना पहिली दहा मिनिटं पोरी घाबरतात. त्या दहा मिनिटांत चेंडू मागे-मागेच खेळू दे. लोक ओरडतील, ओरडू देत. भीती पायांतून उतरली की मग पुढे सोड.

गुडघ्याला गरम पाण्याने शेक दे. जुन्या गोष्टी उगाळत बसू नकोस.

तुझा मामा


क्वेकर्स हिल
गुरुवार, १४ ऑगस्ट

मामा,

उत्तराला उशीर झाला. कामं बरीच होती.

काल ओवीच्या घरी जेवायला गेलो होतो. तिचे बाबा विक्रांत आयटीत आहेत, मोठ्या उत्साहाचा माणूस. त्यांनी मराठी मंडळाची चाळीस माणसं मॅचला गोळा केली आहेत. ढोल आणायला परवानगी मिळेल का हे कौन्सिलला विचारायचं कामही माझ्याकडेच दिलं. एका व्यावसायिक क्लबसाठी खेळाडू निवडणारी बाई ओवीला बघायला येणार आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. ते खरं आहे, मलाही तसा ईमेल आलाय. विक्रांत म्हणाले, "यतिन, शनिवारी माझ्या मुलीचं आयुष्य ठरणार." ग्रेगचा रोज एक फोन असतो.

पूर्वतयारी चालू आहे. पहिल्या दहा मिनिटांचं तुमचं मुलींना सांगितलं. त्यांना पटलं.

एक विचारायचं होतं. आपल्या तालमीच्या त्या फायनलच्या आधी मी तुम्हाला गुडघ्याचं खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला बाहेर बसवलं असतं का? खरं सांगा.

यतिन


क्रेगीबर्न
शुक्रवार, १५ ऑगस्ट

यतिन,

बसवलं असतं. हे काय विचारणं झालं.

पण तू हे आत्ता का विचारतोस? गेल्या पत्रात तू ओवीचा खेळ एवढा लिहिलास, की मला ती इथे खुर्चीत बसून दिसली. या पत्रात तिच्या बापाबद्दल आहे, ढोलाबद्दल आहे, तिच्या खेळाबद्दल एक ओळ नाही. मी जन्मभर पोरांच्यात राहिलो. पोरगं कशाबद्दल बोलायचं टाळतंय, त्यावरून दुखणं कुठे आहे ते समजायचं मला.

तिला काही झालंय का? सरळ लिही.

मामा


क्वेकर्स हिल
शनिवार, १६ ऑगस्ट

मामा,

तुमच्यापासून लपत नाही.

मंगळवारी ट्रेनिंगला कॉर्नरची प्रॅक्टिस चालू होती. ओवी हेड मारायला उडाली, आमची गोलकीपर टेगन चेंडू ठोसायला बाहेर आली आणि दोघींची डोकी एकमेकांवर आपटली. टेगनच्या भुवईला थोडं खरचटलं. ओवी खाली बसली, मग हसली, उठली. मी तिला बाहेर बोलावलं. ती म्हणाली, "ऑल गुड. आपण कुठल्या बाजूला अटॅक करतोय?" मी सांगितलं, झाडांच्या बाजूला. चार मिनिटांनी तिने तेच विचारलं, त्याच शब्दांत. मग परत एकदा. बाकीच्या मुली तेव्हा पाणी पीत होत्या. ऐकलं फक्त मी.

इथला नियम साधा आहे. डोक्याला मार लागून मेंदू हलल्याची नुसती शंका आली तरी कोचने क्लबला कळवायचं. मग डॉक्टर. आणि किमान एकवीस दिवस मॅच नाही. म्हणजे २३ तारीख गेली, ती निवड करणारी बाई गेली, सगळं गेलं.

मी कळवलं नाही. तिला घरी पाठवलं. लिहायचा फॉर्म अजून गाडीत पडलाय.

बुधवारी जेवताना ती हसत होती, वडिलांची चेष्टा करत होती. पण दोनदा तिने कपाळ दाबलं आणि टेबलावरचा दिवा बंद करायला सांगितला. मी निघालो तेव्हा मागे गाडीपर्यंत आली. म्हणाली, "कोच, प्लीज. आय एम फाइन. डोन्ट राइट इट डाऊन." घरी तिने काही सांगितलेलं नाही. गुरुवारी मी तिला फक्त पळवलं. ठीक पळाली. आज सकाळी मेसेज आला, झोप छान झाली म्हणून.

मामा, मी तिच्या वयाचा असताना अगदी असाच तुमच्यासमोर उभा होतो. स्टॉकिंगखाली क्रेप बँडेज होतं आणि तोंडाने म्हणत होतो, मी ठीक आहे. तिच्याकडे बघताना मला माझीच दया येते, आणि तिचं स्वप्न आपल्या हाताने मोडावंसं वाटत नाही. तुम्ही सुटलात, तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत आहे.

खरं सांगतो, मी बहुतेक तिला खेळवणार आहे.

यतिन


क्रेगीबर्न
रविवार, १७ ऑगस्ट

यतिन,

मी काल तुझं पत्र वाचून मितालीला म्हटलं, बागेत बसतो जरा. तिने लिहून दाखवलं, बाहेर आठ डिग्री आहे. तरी बसलो. आता लिहितोय.

मला माहीत होतं.

फायनलच्या आदल्या दिवशी तू कुणाला न सांगता डॉक्टरांकडे गेलास आणि त्यांना मामाला सांगू नका म्हणालास. त्यांनी शब्द दिला होता. पण संध्याकाळी ते मला चौकात भेटले, स्कूटर बाजूला घेतली आणि म्हणाले, "मास्तर, भाच्याचा लिगामेंट फाटलेला दिसतोय. उद्या उतरला तर गुडघा जाईल." असं अगदी स्वच्छ सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, बघतो.

मी काय बघितलं ते ऐक. दुसऱ्या दिवशी स्टेडियम दुपारी एकलाच भरलं होतं. शेजारच्या पेठेकडून आम्ही चार वर्षं हरत होतो. तालमीच्या वस्तादांनी मला सांगून ठेवलं होतं, या वेळी हरलास तर शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात. तू माझ्यासमोर उभा राहिलास. मी विचारलं, "पाय कसा आहे?" तू म्हणालास, "एक नंबर." आणि मला सुटल्यासारखं झालं, कारण आता मला ठाऊक नाही असं मी स्वतःशी म्हणू शकत होतो. तुझं खोटं मी दोन्ही हातांनी घेतलं. बँडेज स्टॉकिंगच्या वर इंचभर दिसत होतं. मीच खाली वाकून तुझं स्टॉकिंग वर ओढलं. तुला वाटलं मामा लाड करतोय.

त्रेसष्टाव्या मिनिटाला तू पडलास. आपण जिंकलो. मला फेटा बांधला, खांद्यावर घेतलं. माझा तो फोटो तालमीत लावला तेव्हा तू दवाखान्यात होतास.

तुझी आई माझी धाकटी बहीण. तिला मी कधी सांगितलं नाही आणि ती गेलीही. तू दर वर्षी मला सॉरी म्हणालास. कोल्हापुरातून म्हणालास, इथे शिकायला आलास तेव्हा विमानतळावरून म्हणालास, पंधरा दिवसांपूर्वी लिहिलंस. एकोणीस वर्षं मी ते सॉरी घेत आलो. परवा तू खरं सांगा म्हणालास, तरीही मी खोटं लिहिलं.

तू पायाने गेलास. डोकं पायाहून मोठं.

मी तुला शिकवायच्या जागेवर नाही. मला फक्त त्या मुलीचं ठाऊक आहे, की ती तुझ्यासमोर खोटं बोलणार. त्या वयात सगळी बोलतात. मोठ्या माणसाने ते घ्यायचं नसतं.

मामा


क्वेकर्स हिल
सोमवार, १८ ऑगस्ट

मामा,

सकाळी काम मध्येच थांबवून फॉर्म भरून क्लबला पाठवला. मंगळवारी झालं आणि मी सोमवारी कळवतोय, हेही त्यात लिहिलं. ओवीच्या घरी जाऊन सांगून आलो. ती माझ्याशी बोलली नाही.

तुमच्या पत्राबद्दल आत्ता काही लिहिता येत नाही.

यतिन


क्रेगीबर्न
बुधवार, २० ऑगस्ट

यतिन,

लिहू नकोस. घाई नाही, आणि मुळात लिहिलंच पाहिजे असंही नाही.

तिकीट काढलेलं आहे, म्हणून मॅचला येतो. तुझ्या बेंचच्या बाजूला येणार नाही. लांबच्या गोलमागे कठड्याजवळ उभा राहीन. तुला भेटावंसं वाटलं नाही तर भेटू नकोस. मी मितालीला सांगितलंय, आग्रह करायचा नाही.

मामा


क्रेगीबर्न
रविवार, २४ ऑगस्ट

यतिन,

काल तू मला बघितलंस, मी तुला बघितलं. तू हात वर केलास तेवढं पुरे झालं मला. आम्ही शिट्टी वाजल्यावर लगेच निघालो.

तू बेंचपाशी होतास, मी त्या टोकाला. तुला तिथून जे दिसलं नसेल ते लिहितो. मला ऐकू येत नाही, त्यामुळे माझं लक्ष सगळं डोळ्यांत असतं.

पहिली दहा मिनिटं तुझ्या पोरी मागे खेळल्या. नदीपलीकडचे लोक हात हलवून चिडवत होते. पोरींनी ढुंकून पाहिलं नाही. मला फार बरं वाटलं. गोल बसला तो तुमच्या डाव्या बॅकचा पाय घसरला म्हणून, त्यात कुणाची चूक नव्हती. ओवीच्या जागी ती बारकी लिन्ह आणलीस. पहिल्या हाफमध्ये तिला चेंडू मिळाला की ती आधी बाहेर बघायची, ओवीकडे. ओवी जाड जॅकेट घालून, काळा चष्मा लावून रेघेबाहेर बसली होती. चेहरा दगडासारखा.

हाफटाइमला एक गृहस्थ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि काहीतरी बोलले. मितालीने त्यांना सांगितलं, बाबांना ऐकू येत नाही. मग त्यांनी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तुम्ही कोचचे कोण?" मी लिहिलं, "मामा." ते ओवीचे वडील होते. त्यांनी लिहिलं, "तुमच्या भाच्याने सहा दिवस लपवलं. मग सांगितलंही त्यानेच. मी राग नक्की कशाचा धरू ते मला समजत नाही." मी फोन त्यांच्या हातातून घेतला. मग लिहिलं, "सहा दिवसांचा धरा. तो खरा आहे." त्यांनी वाचलं, मान हलवली, पण गेले नाहीत. दुसरा हाफ आम्ही शेजारी उभं राहून बघितला.

दुसऱ्या हाफमध्ये ओवी उठली. रेघेच्या कडेने लिन्हबरोबर चालत होती, हाताने दाखवत होती, मागे बघ, आता वळ, आता सोड. तू तिला थांबवलं नाहीस. एकाहत्तराव्या मिनिटाला लिन्हने चेंडू पायात यायच्या आधी मान फिरवली. मी ते बघितलं आणि मला कळलं, आता गोल होणार. झाला. विक्रांतरावांनी माझा दंड इतका दाबला, की आज काळानिळा झालाय.

मग शेवटी शेवटी तुमच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली. चेंडू हाताला लागला होता, पंचाचं बरोबर होतं. तुझी गोलकीपर आमच्या समोरच होती. छान थांबली ती. आधी झेपावली नाही. समोरचीने मारल्यावर गेली, उजवीकडे खाली, आणि दोन्ही हातांनी बाहेर काढला.

एक-एक. बरोबरी. शिल्ड ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहते, हे मला मितालीने नंतर सांगितलं. त्यांनी ती बसमध्ये चढवली तेही बघितलं. पण तुझ्या पोरी मैदानात रिंगण करून उभ्या होत्या आणि ओवी मधोमध होती. मी असंख्य फायनल बघितल्या. फेटा बांधून घेतला त्या दिवशीही माझी मान एवढी ताठ नव्हती.

मामा


क्वेकर्स हिल
गुरुवार, २८ ऑगस्ट

मामा,

आधी कमिटीचं. काल मीटिंग झाली. ग्रेगने विचारलं, मंगळवारी झालं तर सोमवारपर्यंत का थांबलास? सगळ्यांना वाटत होतं मी काहीतरी कारण देईन. मी म्हणालो, मला जिंकायचं होतं, आणि त्या मुलीला नाही म्हणायची हिंमत नव्हती. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या नावावर राहणार. पुढच्या वर्षीही कोच मीच, पण एका वर्षापुरता, आणि दर ट्रेनिंगला मैदानावर प्रथमोपचारवाली बाई असणार, जिचं म्हणणं माझ्या वरचं. ती अट मीच घातली. ताकीद वाचून सही केली तेव्हा वाईट वाटलं नाही. ती माझीच होती.

मी फॉर्म पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ओवीला डॉक्टरांकडे नेलं होतं. डोळे हलत्या बोटामागे नीट जात नव्हते. बुधवारी तिला युनिच्या लायब्ररीत उलटी झाली. म्हणजे ती ठीक नव्हतीच, मामा. मला "छान झोप झाली" असा मेसेज पाठवला त्याच्या आदल्या रात्री ती पहाटेपर्यंत डोकं धरून बसली होती, हे तिने आता सांगितलं. डॉक्टर म्हणतात, पूर्ण बरी होईल, वेळ द्यायचा. आणखी एक धक्का बसला असता तर काय, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, ते मी इथे लिहीत नाही.

निवड करणारी बाई आली होती. ओवी खेळत नाही हे कळल्यावर हाफटाइमला निघून गेली. ती परत येईल की नाही, मला माहीत नाही. मी तिला ईमेल केलाय, का खेळवलं नाही ते लिहून. उत्तर आलेलं नाही. विक्रांत काल फोनवर माझ्याशी नीट बोलले. अजून अहो-जाहो करतात, आधी करत नव्हते.

ओवी मंगळवारी मैदानावर आली. चष्मा लावून, वडिलांनी सोडलं. माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच मला मराठीत म्हणाली, "मी तुझ्यावर अजून चिडलेय." मी म्हटलं, चालेल. मग म्हणाली, लिन्हचा डावा पाय कच्चा आहे, त्यावर काम करूया. अर्धा तास ती तिच्याबरोबर होती.

आता तुमचं.

सोमवारी, तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी, मी सहा वाजता मैदानावर गेलो आणि रेघा मारायच्या यंत्रामागे चालत राहिलो. एक रेघ वाकडी गेली, परत मारली, तीही वाकडी. मला तुमचा इतका राग आला होता, की तुम्ही समोर असतात तर काय बोललो असतो ठाऊक नाही. स्टॉकिंगचं वाचून जास्त आला. त्या आठवणीवर मी इतकी वर्षं प्रेम करत होतो. एकोणीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, चूक माझी. ती माझी होतीच, पण सगळी नव्हती. हे कळायला मला अडतीस वर्षांचं व्हावं लागलं. थोडा राग अजून आहे. कदाचित राहील.

पण यंत्र बाजूला लावून मी तो फॉर्म गाडीतून काढला, तेव्हा मनात तुमचंच पत्र होतं. तुम्ही ते लिहिलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. कोल्हापूरचे ते डॉक्टर गेले, आई गेली, विचारायला कुणी उरलं नव्हतं. तुम्हाला काही लिहायची गरज नव्हती. बाकांवर बसून भाच्याचा फोटो दाखवत तुम्ही सुखाने राहिला असतात. एकाहत्तराव्या वर्षी, एका बोटाने, तुम्ही स्वतःचं नाव माझ्यासमोर खाली ठेवलंत, एका मुलीसाठी जिला तुम्ही कधी भेटलाही नव्हतात. मला तुमचा अभिमान वाटतो. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलंय, तेव्हा ते आता असू दे.

शनिवारी मी तुमच्याकडे यायला निघालो होतो. मुलींनी घेरलं आणि पोहोचेपर्यंत तुम्ही गेला होतात.

तुमच्या पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही. ती मला टेगनने सांगितली. मंगळवारी ट्रेनिंग संपल्यावर सगळ्या जणी गवतावर बसून बूट सोडत होत्या. टेगन म्हणाली, "कोच, शनिवारी गोलच्या मागे एक म्हातारा माणूस होता. राखाडी टोपी. पेनल्टीच्या वेळी मी खूप घाबरले होते, नुसतं मागे वळून बघितलं. तो कठड्यावर वाकला होता. तोंडाने काही बोलत नव्हता. दोन्ही तळवे असे खाली दाबत होता, वेट, वेट, वेट. म्हणून मी थांबले. हू इज ही?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ओवीसुद्धा.

मी म्हणालो, "दॅट्स माय कोच."

यतिन